माहिती मुख्यालयाला, गोळी जवानाला!

३ डिसेंबर २०१३ रोजी काँगोतील गोमा येथे संयुक्त राष्ट्रसंघाने आपले पहिले टेहळणी ड्रोन मोठ्या गाजावाजाने आकाशात सोडले. त्यानंतर सोळाच दिवसांनी दक्षिण सुदानमधील अकोबोच्या तळावर सुमारे दोन हजार सशस्त्र हल्लेखोर चालून आले. तळावर भारतीय जवान किती? त्रेचाळीस! आश्रितांचे रक्षण करताना त्यांतील दोघांना वीरमरण आले. अकोबोवर लक्ष ठेवायला ड्रोन नव्हते.

योगायोग म्हणून हे सोडून द्यावे काय? मग मालीकडे पाहा. तेथे २०१४ पासून नेदरलँड्स आणि नॉर्डिक देशांनी अद्ययावत उपकरणांनी सज्ज असे गुप्तवार्ता पथक उभारले. परंतु त्यांची संगणकप्रणाली स्वतंत्र, कुलूपबंद! ज्यांच्या वाहनांखाली सुरुंग फुटत होते, त्या आफ्रिकी तुकड्यांपर्यंत ती माहिती पुरेशी पोहोचतच नव्हती. एकाच निळ्या शिरस्त्राणाखाली ही अस्पृश्यता कोणत्या शांततेसाठी?

वास्तविक जीव वाचवायला फार महागडे यंत्र लागतेच असे नाही. पूर्व काँगोत गावकऱ्यांना साधे मोबाइल देण्यात आले. धोका दिसताच जवळच्या चौकीला कळवायचे, एवढेच. मात्र डोंगराआड मनोरा पोहोचला पाहिजे, पैसे भरलेले असले पाहिजेत, आणि पलीकडून घाबऱ्याघुबऱ्या स्वाहिलीत बोलणारी बाई काय सांगते आहे, हे फोन उचलणाऱ्याला कळले पाहिजे. म्हणूनच चौकीवरचा स्थानिक दुभाषा हा या व्यवस्थेचा खरा कणा. त्याचे छायाचित्र कोणत्याही चकचकीत अहवालाच्या मुखपृष्ठावर येत नाही, हा भाग वेगळा.

ऑगस्ट २०२१ मध्ये सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद भूषविताना भारताने ‘युनाइट अवेअर’ या प्रणालीसाठी सुमारे १६ लाख ४० हजार डॉलर दिले. मोहिमेच्या क्षेत्रातील घडामोडींचे चित्र शांतिसैनिकांसमोर एकत्र यावे, हा तिचा हेतू. स्तुत्यच! परंतु निवडलेल्या चार मोहिमांपैकी मालीतील मोहीमच २०२३ अखेर गुंडाळली गेली. आणि ते चित्र मुख्यालयाच्या भिंतीवर झळकले, तरी खंदकातल्या हवालदाराला त्याचा काय उपयोग?

तुकडी पाठविताना प्रत्येक देश राष्ट्रसंघाशी सामंजस्य करार करतो. किती वाहने, किती शस्त्रे, किती तंबू, सारे त्यात नोंदलेले असते. धोक्याची सूचना किती मिनिटांत चौकीपर्यंत पोहोचेल, हेही त्यात लिहून घेतल्याशिवाय दिल्लीने पुढील करारावर स्वाक्षरी करू नये.