रेती मोजता, तळ कधी तपासणार?

चंद्रपूर जिल्ह्यात मिंझरी आणि बामणी इथे सोन्याचे ब्लॉक असल्याचे 2022 च्या अखेरीस तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी जाहीर केले. तेव्हापासून झाडीपट्टीत जमिनीखालच्या सोन्याच्या गोष्टी पुन्हा सुरू झाल्या. गडचिरोली जिल्ह्यातले वडसा हे नाटकमंडळ्यांचे गाव, त्यामुळे गोष्टीत रंग भरायला इथे कोणी कमी पडत नाही. पण खडकातले सोने वेगळे आणि नदीतले वेगळे. नदीतल्या सोन्याबद्दल सरकारी भाषणांत फारसे काही येत नाही, आणि या आठवड्यात मला त्यावरच लिहायचे आहे.

नदीतल्या सोन्याची खरी जाण असलेली माणसे म्हणजे सोनझरी. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरच्या 1916 च्या ग्रंथात नदीपात्रातली रेती धुऊन सोने काढणारी ही जात चांदा (म्हणजे चंद्रपूर) जिल्ह्यातही नोंदलेली आहे. त्या चांद्यातूनच 1982 साली आपला गडचिरोली जिल्हा निघाला. आज या समाजातले अनेक जण नदीपेक्षा सराफा ओळीतल्या नालीचा गाळ धुऊन पोट भरतात. उथळ लाकडी भांडे पाण्यात फिरवत हलकी रेती बाहेर लोटायची, जड काळी रेती मागे ठेवायची आणि तिच्यात कण शोधायचा, ही विद्या मात्र तीच. कॉलेजातला भूशास्त्राचा विद्यार्थी हेच शिकायला शिबिराला जातो.

या विद्येमागचे गणित साधे आहे. सोने पाण्याच्या 19.3 पट जड असते. रेतीतला गारगोटीचा कण असतो जेमतेम 2.65 पट. पूर ओसरू लागला की सोने आधी बसते. नदीच्या वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला आणि मुख्य म्हणजे गोट्यांच्या थराखाली, तळखडकाच्या भेगांत. वरची पांढरी रेती चाळून काही मिळाले नाही म्हणून नदीत सोने नाही म्हणणे ही घाई झाली.

ते आले कुठून? वडशाच्या उत्तरेला भंडारा-गोंदियात साकोली गटाचे फार जुने खडक आहेत. त्यांत लाव्हापासून रूपांतरित झालेले थर, शिस्ट, फिलाइट आणि गारगोटीच्या शिरा आहेत. नागपूर जिल्ह्यात परसोडी, मरूपार भागातल्या सुवर्णखनिजाचे नाते याच पट्ट्याशी आहे. अशा शिरा लाखो वर्षे झिजतात आणि त्यांतले न गंजणारे सोने ओढ्यांतून खाली येते. चुलबंद आणि गाढवी याच मुलखातून वाहत येऊन वैनगंगेला मिळतात.

म्हणून वडशाला सोन्याची खाण निघेल का? मला तसे वाटत नाही, आणि कोणी तसे सांगून पैसे मागितले तर देऊ नका. समजा, एका घनमीटर रेतीत एक दशांश ग्रॅम सोने आहे. हा आकडा केवळ हिशेबापुरता. एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर. मग दहा ग्रॅमच्या एका तोळ्यासाठी 35 ब्रास, म्हणजे दीडशे टनांच्या आसपास रेती धुवावी लागेल. मजुरी, डिझेल आणि उद्ध्वस्त पात्र वेगळेच. शिवाय रेती गौण खनिज आहे आणि सोने प्रमुख खनिज. रेतीचा परवाना हाती असला तरी त्यातल्या सोन्यावर हक्क येत नाही.

वायनाडची आठवण इथे ठेवावी. तिथे आणि निलांबूरच्या बाजूला लोक पिढ्यान्‌पिढ्या सोने धूत आले होते. त्या जोरावर 1880 च्या सुमारास लंडनमध्ये भराभर कंपन्या निघाल्या, भागभांडवल गोळा झाले, यंत्रे डोंगरावर चढली. काही वर्षांत जवळपास सगळा डोलारा कोसळला. कण होते, पण शिरा परवडणाऱ्या निघाल्या नाहीत.

नदीतल्या कणाची खरी किंमत तोळ्यात नसते, तो दाखवतो त्या दिशेत असते. संशोधक खालून वर जातो. प्रत्येक संगमावर दोन्ही प्रवाहांचा तळगाळ धुतो, ज्यात कण दिसतात तो धरतो, दुसरा सोडतो. कण चपटा, गुळगुळीत असेल तर तो दुरून आला. खडबडीत, कोपरे शाबूत असतील तर घर जवळ आहे. एका ओढ्यात कण अचानक थांबतात, तिथून नजर पात्र सोडून उतारावर जाते. मग माती, मग चर, आणि सगळ्यात शेवटी महागडे ड्रिलिंग. असा शोध इथे घ्यायला कारणही आहे: शेजारच्या वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अबुल फजलने आईन-ए-अकबरीत केली आहे. तेव्हा हा मुलूख खनिजाला नवखा नाही.

अडचण ही, की नदीतल्या कणांचा हा पुरावा ब्रासने विकला जातो आहे. मुख्य पात्रात नवी रेती पूर्वीसारखी येत नाही. वर पवनीजवळ गोसीखुर्द धरण आडवे आहे, गाढवीवर इटियाडोह. जे पात्रात आहे ती बरीचशी जुनी शिल्लक. रेतीघाटाचा लिलाव होतो, पोकलेन तळापर्यंत जाते, आणि गोट्यांचा तो थर, ज्यात सोने बसायचे, तो उपसून कुठल्या तरी रस्त्याच्या भरावात जातो. घाटावर रेती किती, हे मोजतात. तिच्यात काय आहे, हे कोण पाहतो?

खाण व खनिज कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीने खोलवरच्या खनिजांसाठी शोध परवाना आणला, त्यात सोनेही आहे. उद्या कोणी कंपनी तो घेऊन आली, तर तिला पहिली खूण बहुधा नदीच्या तळगाळात शोधावी लागेल. तेव्हा जिल्हा प्रशासनाला आणि नागपूरच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाला माझी मागणी एवढीच: वैनगंगा, गाढवी आणि चुलबंदवरच्या प्रत्येक घाटाचा लिलाव करण्याआधी तळखडकाजवळचा काही घमेली गाळ धुऊन त्यातली काळी रेती तपासा, नकाशावर नोंदवा, आणि हे काम सोनझरी कुटुंबांना रोजंदारीवर नव्हे, तर तज्ज्ञ म्हणून मानधन देऊन द्या.