चिऱ्यांची साक्ष

जुने गोवे येथील से कॅथेड्रलपुढे उभे राहिले की दृष्टी जाते ती नसलेल्या मनोऱ्याकडे. दोहोंपैकी एक १७७६ साली ढासळला, तो पुन्हा उभारला गेला नाही.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरिनच्या सणादिवशी, आल्बुकर्कने हे शहर जिंकले. त्याच संतिणीच्या नावे हे मंदिर. १५६२ मध्ये काम सुरू झाले, तेव्हा तिसवाडीतील देवळे पाडली गेली होती आणि इन्क्विझिशनला दोन वर्षे झाली होती. हे विसरा, असे आम्ही कदापि म्हणणार नाही.

तथापि या वास्तूच्या भिंती आमच्याच जांभ्या चिऱ्याच्या आहेत. बाहेर साधा तस्कनी घाट, आत कोरिंथियन शैली, कॅथरिनचे जीवनप्रसंग दाखविणारी सोनेरी वेदी आणि उरल्या मनोऱ्यातील ‘सोन्याची घंटा’ हे वैभव १९८६ पासून जागतिक वारशात गणले जाते. सच्छिद्र चिऱ्याला पावसापासून राखतो तो चुन्याचा गिलावा. त्याकडे दुर्लक्ष झाले तर काय होते, हे नजीकच्या सेंट ऑगस्टिनचे अवशेष सांगतात. १८३५ नंतर ते ओस पडले, १८४२ मध्ये छत कोसळले.

उद्ध्वस्त सप्तकोटीश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये नार्वे येथे पुन्हा उभारविले. अन्यायाला बांधकामाने उत्तर देण्याची ही आमची परंपरा. ती स्मरून से कॅथेड्रलची निगा हेही आपलेच कर्तव्य गोमंतकीय हिंदूंनी मानावे, हेच आमचे सांगणे.