मातेची ठेव व गोवराची लस

लोधिवलीसारख्या गांवीं लसीकरणाचा दिवस आला, कीं घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया हटकून विचारतात, "गोवराची लस नऊ महिने होईपर्यंत कां अडवून ठेवितात? आधींच टोंचली तर काय बिघडलें?" प्रश्न शहाणपणाचा आहे.

मातेच्या रक्तांतील प्रतिपिंडें गर्भास नाळेवाटे मिळतात. (हा शब्द ऐकतांच आमच्यासारख्या संस्कृत शिकलेल्यास पितृपक्ष आठवतो, पण तो रूढ झाला आहे, इलाज नाहीं!) ही ठेव जन्मानंतर कांहीं महिने पुरते. ती शिल्लक असतां लस दिली, तर लसींतील दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूंस तीं प्रतिपिंडें निष्प्रभ करितात, आणि बालकाच्या शरीरांत स्वतःचीं प्रतिपिंडें नीट निपजत नाहींत.

येथें उंदरांवरील प्रयोगांनीं मौजेची गोष्ट दाखविली. शरीररक्षणांत प्रतिपिंडें निर्माण करणाऱ्या बी पेशी असतात, तशा टी पेशीही असतात. छातींतील थायमस ग्रंथीचें महत्त्व जॅक मिलर यांनीं 1961 सालीं नवजात उंदरांवरून दाखविलें. टी हें अक्षर तिच्याच नांवांतलें. लस टोंचलेल्या मादीच्या पिलांस लवकर तीच लस दिली, तेव्हां त्यांचीं प्रतिपिंडें फारशीं वाढलीं नाहींत. टी पेशी मात्र पुष्कळ प्रयोगांत जाग्या झाल्या. बी पेशीस विषाणूचें बाह्यरूप दिसावें लागतें, आणि मातेचीं प्रतिपिंडें तेंच झांकून टाकितात. टी पेशीचें तसें नाहीं. भक्षक पेशी प्रतिपिंडांनीं वेढलेला विषाणु गिळतात, त्याचे बारीक तुकडे करून आपल्या अंगावर मांडतात, व टी पेशी ते तुकडे पारखतात. किंबहुना प्रतिपिंडाचें शेपूट हातीं लागल्यानें भक्षक पेशींस गिळणें सोपेंच जातें. सहा महिन्यांच्या मानवी बालकांतही गोवराच्या लसीनें टी पेशी जाग्या होतात, असें आढळलें आहे.

हें पुस्तकी ज्ञान नव्हे. 2022 सालीं मुंबईंत गोवंडीकडे गोवराची सांथ आली आणि कित्येक बालकें दगावलीं. तेव्हां जेथें रुग्णांत नऊ महिन्यांखालील मुलें 10 टक्क्यांहून अधिक, तेथें 6 ते 9 महिन्यांच्या बालकांस एक जादा मात्रा द्यावी, असें केंद्र सरकारनें सुचविलें. ती हिशेबांत धरावयाची नसते. नऊ महिने पुरे झाल्यावर पहिली आणि 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान दुसरी, या दोन्ही घ्याव्याच लागतात. "एकदां टोंचलें, आतां पुरे" असें सासूबाई म्हणूं लागल्या, तर सूनबाईंनीं लसीकरणाचें कार्ड पुढें करावें.