जुळी आहेत; पण वार एक की दोन?

सोनोग्राफीत जुळी दिसली, की घरचे आईला ‘आता दोन जिवांचं जास्त खा’ म्हणतात. त्याआधी विचारायला हवे, की दोन्ही बाळांची वार एकच आहे का?

एकसारख्या जुळ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जुळ्यांची वार एकच असते. पण तिची वाटणी समसमान असेलच असे नाही. ज्याच्या वाट्याला कमी भाग, त्याला ग्लुकोज, अमिनो आम्ले, ऑक्सिजन सगळेच कमी. आई तीच, जनुके तीच, तरी एक बाळ मागे पडते. आईच्या जास्त खाण्याने ही वाटणी बदलत नाही. शिवाय वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. अशा १० ते १५ टक्के गर्भारपणांत रक्त एकाकडून दुसऱ्याकडे जास्त वाहते आणि दोघांच्याही जिवाला धोका होतो.

वार एक की दोन, हे ११ ते १४ आठवड्यांत सर्वांत स्पष्ट दिसते. एकच असेल तर १६व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी हवी. दर महिन्याच्या ९ तारखेची सरकारी मोफत तपासणी मात्र चौथ्या महिन्यानंतरच्या गर्भवतींसाठी आहे. जुळ्यांसाठी ती उशिराचीच.

सासर साताऱ्यात, बाळंतपण माहेरी सांगलीत, हे आपल्याकडे नेहमीचे. तेव्हा पहिला रिपोर्ट सोबत न्याच. त्यावर नुसते ‘जुळी’ लिहिले असेल तर डॉक्टरांना वारेबद्दल विचारा. १९९४च्या कायद्याने बंदी आहे ती लिंग सांगण्यावर, वारेची माहिती देण्यावर नाही.