समोरून काढलेला एक्स-रे आणि श्रोणीचा कल

श्रोणी पुढे किंवा मागे किती झुकली आहे, हे बाजूने काढलेल्या एक्स-रेवर सरळ मोजता येते. समोरून काढलेल्या फिल्मवर नेमकी हीच दिशा चपटी होते. म्हणून त्या फिल्मवरून कलाबद्दल काहीच बोलू नये, असे एक मत आहे. दुसरे मत बरोबर उलटे: कोन मोजा, सूत्रात घाला, अंश तयार. दोन्ही मते चुकीची आहेत. पण दुसरे अधिक घातक, कारण आकडा दिसला की शंका घ्यायचे कोणाला सुचत नाही.

पहिल्या मताला भूमितीच उत्तर देते. श्रोणी हे हाडांचे कडे आहे, आणि तिरपी धरलेली परात जशी कमी-जास्त चपटी दिसते तसेच त्याचे होते. श्रोणी पुढे झुकली की कड्याचे वरचे तोंड मोकळे दिसते, पुढची जघनसंधी खाली उतरते आणि तिच्या दोन्ही बाजूंची मोठी छिद्रे बसकी होतात. मागे झुकली की छिद्रे उभट होतात, जघनसंधी माकडहाडाकडे चढते. जघनसंधीचा वरचा काठ आणि त्रिकास्थी-माकडहाडाचा सांधा यांच्यातले पुढेमागचे अंतर ढोबळमानाने 11-12 सेंमी धरले, तर कल 1 अंशाने बदलताच फिल्मवरचे उभे अंतर सुमारे 2 मिमीने बदलते. एवढा फरक साध्या पट्टीनेही कळतो. म्हणजे माहिती पुसली जात नाही, ती उभ्या अंतरात उतरते.

सूत्रवाद्यांचे खंडनही याच अंतराने होते. झीबेनरॉक आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवले की श्रोणी मध्यम स्थितीत असताना हे अंतर पुरुषांत सुमारे 32 मिमी, तर स्त्रियांत सुमारे 47 मिमी भरते. फरक 15 मिमीचा. वरच्या हिशेबाने तो 7 अंशांच्या आसपास जातो, आणि तो कलाचा नसून हाडाच्या घडणीचा आहे. स्त्री-पुरुष वेगळे केले तरी त्रिकास्थीचा बाक माणसागणिक निराळा असतोच. 2012 मध्ये ब्लाँडेल आणि सहकाऱ्यांनी त्रिकास्थीच्या वरच्या पृष्ठाचा मध्य, खुब्याच्या वाटीचे केंद्र आणि जघनसंधी यांच्यातला कोन मोजून, तो 75 अंशांतून वजा करून कल काढण्याची रीत मांडली. गटाच्या सरासरीसाठी ती उपयोगी आहे. समोरच्या एका रुग्णासाठी तिचे उत्तर अंदाजच. शिवाय एक्स-रे काढणाऱ्याचा हात आहेच: 100 सेंमी अंतरावरून किरणांचे केंद्र 5 सेंमी वर-खाली सरकले, तर जवळपास 3 अंशांचा खोटा कल तयार होतो. खुबा दुखतो म्हणून केंद्र खाली घेऊन काढलेल्या फिल्मवर दशांशापर्यंत कल मोजणे ही निव्वळ हौस होय.

मग या फिल्मचा खरा उपयोग कशात? एकाच माणसाच्या दोन फिल्म ताडून पाहण्यात. प्रौढाच्या हाडांचा घाट झोपल्याने किंवा उभे राहिल्याने बदलत नाही. निजवून आणि उभे करून, तेवढ्याच अंतरावरून व तेच केंद्र धरून दोन फिल्म काढल्या, की घडणीचा फरक वजाबाकीत निघून जातो आणि उरतो तो कलातला बदल. खुबा बदलताना लागतो तोही हाच. श्रोणी 1 अंश मागे कलली की कृत्रिम वाटीचे तोंड सुमारे 0.7 अंशाने जास्त पुढे उघडते. निजून काढलेल्या फिल्मवर नीट दिसणारी वाटी, उभे राहताच श्रोणी 10 अंश मागे कलली तर, 7 अंश सरकलेली असते.

हा प्रश्न पुस्तकी नाही. मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या जसोंडीसारख्या गावातून निघालेल्या रुग्णाच्या हाती बहुधा पहिली फिल्म पडते ती समोरचीच. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि त्यात मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो ऐन तरुणपणी खचू शकतो. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलहून सुरू झालेल्या सिकलसेलविरोधी राष्ट्रीय मोहिमेत रक्ताची तपासणी होते. खचलेला खुबा मात्र रक्तात नव्हे, एक्स-रेवर दिसतो. अशा रुग्णाचा खुबा पुष्कळदा वाकलेल्या अवस्थेत आखडतो. टेबलावर पाय सरळ करायला लावले की कंबर उचलली जाते, श्रोणी पुढे झुकते आणि छिद्रे बसकी दिसतात. हा कल त्याचा नेहमीचा नव्हे, आखडलेल्या सांध्याने लादलेला. गुडघ्याखाली उशी होती की नाही, एवढी नोंद फिल्मवर असली तरी पुढच्या डॉक्टरची फसगत टळते.

एका फिल्मवरून कल सांगणाऱ्या संगणकप्रणालीही आता आल्या आहेत. त्या एका अंतराऐवजी संपूर्ण आकार वाचतात, म्हणून सूत्रापेक्षा सरस ठरू शकतात. पण शिकताना पाहिलेल्या हाडांपेक्षा निराळी, विशेषतः आजाराने विरूप झालेली श्रोणी पुढे आली की त्यांचीही तीच अडचण होते.

मणके जोडलेले असतील, कणा ताठरला असेल, किंवा रुग्णाला शेतात आणि घरात उकिडवे व मांडी घालून बसायचे असेल, तर बाजूची फिल्म उभ्याने आणि बसून अशी दोनदा काढावीच लागते. बसताना श्रोणी किती मागे वळते, हे समोरच्या फिल्मवर धडपणे कळत नाही. वाकलेल्या मांड्याच जघनसंधीच्या आड येतात.