दावे कुणाच्या गळ्यात?

मंडळी, उसाचा खोडवा किती वेळा राखावा, हे तुम्हांला मी काय सांगावे? हॉलिवूडच्या सिनेमावाल्यांना मात्र ते चटकन कळत नाही. १९६८ साली ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ आला. वानर राज्य करतात आणि माणसे मुकी, पिंजऱ्यात! तो इतका चालला की १९७३ पर्यंत आणखी चार भाग निघाले. २००१ साली तीच गोष्ट पुन्हा काढली. पैसा मिळाला, पण मनात काही राहिली नाही.

मग २०११ साली ‘राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’मध्ये त्यांनी मुळालाच हात घातला. वानर शहाणे झाले कसे? तर सॅन फ्रान्सिस्कोत स्मृतिभ्रंशावर औषध शोधणारा एक शास्त्रज्ञ चिंपांझीचे पोर घरी आणून वाढवतो. नाव सीझर. औषधाचा गुण त्याला आईच्या पोटातूनच आलेला. एकदा फिरताना समोरून दोरी लावलेला कुत्रा येतो. सीझर त्याच्याकडे बघतो, मग आपल्या दोरीकडे, आणि हातांच्या खुणांनी विचारतो, ‘मी पाळीव आहे का?’

बाटलीने दूध पाजून ज्यांनी करडू वाढवले, त्यांना हा प्रश्न झोंबेल. मला तरी झोंबला. पुढे बंड आहे, पुलावरची लढाईही आहे. त्यात नवे फारसे नाही.

गंमत अशी, की यात खरा वानर एकही नाही. अँडी सर्किस हा नट सीझर होऊन वावरला. वानराचे रूप संगणकाने चढवले. त्या सीझरच्या तोंडून, पिंजऱ्यात पडल्यावर, पहिला शब्द निघतो तो ‘नाही!’