वानप्रस्थ आणि पाहुणा नातू

वृद्धत्वाचा विषय निघाला की मराठी समीक्षा मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते. कुसुमाग्रजांचे 'नटसम्राट' (१९७०) आम्ही कृतघ्न अपत्यांची कहाणी म्हणून शिकवले. हे पाप प्रस्तुत लेखकानेही वर्षानुवर्षे केले आहे. त्या नाटकात ठमी नावाची एक नात आहे, आणि आप्पा बेलवलकर घर सोडतात तेव्हा तिचा आजोबा जातो, हे आमच्या एकाही प्रश्नपत्रिकेत आले नाही. दळवींच्या 'संध्याछाया'तही आमची नजर अमेरिकेतल्या मुलावरच खिळलेली.

२०२४ च्या एप्रिलमध्ये चार वर्षांच्या नातवाला घेऊन मी बंगळूरच्या सर्जापूर रोडवरील ज्येष्ठांच्या एका वसाहतीत थोरल्या बहिणीकडे गेलो. तिला कोणी घराबाहेर काढलेले नाही. बेळगावचे घर विकून तिने ही जागा स्वतःच्या नावावर घेतली. रुंद दारे, न्हाणीघरात धरायला दांडे, हाकेसरशी येणारी परिचारिका. वाङ्मयीन करुणेला येथे वाव नाही, हे मी आनंदाने मान्य करतो. मग नियमावली वाचली. पंचावन्नच्या आतील कोणास कायम राहता येणार नाही. मुले पाहुणी म्हणून, ठरावीक दिवस. दुपारी दोन ते चार शांतता. पोहण्याचा तलाव कोरडा होता. त्या उन्हाळ्यात शहरातल्या कूपनलिका आटल्या होत्या आणि तलावात पिण्याचे पाणी भरण्यास पाणीपुरवठा मंडळाने मार्चमध्येच मनाई केली होती. नातवाच्या पायांत पी-पी वाजणारे बूट. भर दुपारी तो व्हरांड्यातून धावला. रखवालदार बूट काढायला सांगू लागला, तोवर चार दारे उघडली होती; तक्रार एकाचीही नव्हती. एका वृद्धेने कन्नडमध्ये विचारले, हा कुणाचा?

वसाहतीच्या माहितीपत्रकात 'वानप्रस्थ' हा शब्द दोनदा येतो. मनुस्मृतीचे प्रामाण्य मी मानीत नाही. पण तिच्या शब्दांवर घरे विकणाऱ्यांनी ती उघडून तरी पाहावी. सहाव्या अध्यायात वनात जाण्याच्या खुणा दिल्या आहेत: सुरकुत्या, पिकलेले केस आणि अपत्याचे अपत्य. वनात जाणारा नातवंडालाही सोडूनच जात होता, असा आक्षेप येईल. खरे आहे. पण तो सारेच सोडीत होता. येथे व्यायामशाळा, भोजनगृह, चित्रपट सारे बरोबर आणले आहे; वगळले आहे ते फक्त मूल.

या कल्पनेचे मूळ अरण्यात नाही, वाळवंटात आहे. १ जानेवारी १९६० रोजी अॅरिझोनाच्या वाळवंटात डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने 'सन सिटी' खुली केली. मुलांनी तेथे भेटीला यावे, राहू नये. १९८८ साली अमेरिकेने मुले असलेल्या कुटुंबांना घर नाकारण्यास कायद्याने बंदी केली, तेव्हाही ज्येष्ठांच्या वसाहतींना अपवाद ठेवला. निदान तेथे या वगळण्याला कायद्याची स्पष्ट भाषा आहे. आम्ही त्यावर आश्रमव्यवस्थेची शाल पांघरतो, आणि आमचे कथाकार अजून कृतघ्न मुलाचा शोध घेत वृद्धाश्रमाच्या फाटकाशी उभे आहेत. सर्जापूर रोडवर त्यांना तो सापडणार नाही.

निघताना बहीण म्हणाली, "दिवाळीला याला आणणार असशील तर आत्ताच सांग. अर्ज द्यावा लागतो."